फागोमामाची दोन इंजिनं

"चुकलंच माहं जी." हे वाक्य फागोमामा इतक्या सहज बोलायचा की नवख्या माणसाला तो त्याचा नमस्कारच वाटावा. गाडीला उशीर झाला, चुकलंच माहं. डिझेल महागलं, चुकलंच माहं. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या की खिडकीतून मान बाहेर काढून म्हशींनाच सांगायचा, "जा माय, जा. माहंच चुकलं." एकदा भर उन्हाळ्यात गारपीट झाली आणि गावभरच्या छपरांवरची कवेलू फुटली. मामा गाडीशेजारी खाली मान घालून उभा होता. मी म्हटलं, "मामा, गारा पण तुम्हीच पाडल्या का?" तर हसला नाही. खरंच विचारात पडला.

मी त्या गावच्या उपकेंद्रात सिस्टर होते. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावाचं ते पुनर्वसन. रस्ते सरळ, प्लॉट सारखे, नाल्या बांधलेल्या, मधोमध समाजमंदिर. जुन्या गावात यातलं काही नव्हतं म्हणे, पण नदी दारात होती. इथं बोअरिंग. त्याचं पाणी असं जड की डाळ चुलीवर ठेवून माणूस शेतात जाऊन आला तरी ती कडकच. गावात मला भेटलेल्या पहिल्या तक्रारी तापाच्या नव्हत्या, डाळीच्या होत्या.

आणि गावात फागोमामाची मेटाडोर होती. तिचा मूळ रंग कोणता हे मामालाही सांगता येत नसे. सकाळी ती पवनीमार्गे भंडाऱ्याला जायची, दुपार कलल्यावर परत. मासळीच्या टोपल्या, कोर्टाच्या तारखेला निघालेली भावंडं, माझे पेशंट, सगळे त्यातच. आमचे एक गुरुजी पुढच्या गावच्या शाळेत शिकवत, तेही रोज त्यातूनच. गुरुजी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपुढे धरूनच गाडीत चढत, म्हणजे उशीर झालाय हे मामाला वेगळं सांगावं लागू नये.

मी तुमसरची. राइस मिलच्या भिंतीला लागून आमचं घर, त्यामुळे आवाजाला मी भीत नाही. तरी त्या गावातल्या पहिल्या सकाळी मी अंथरुणात ताडकन उठून बसले. लोखंडी पिंपात दगड घालून कोणी हलवत असावं, असा धडधडाट. बाहेर आले तर शेजारची बाई निवांत दात घासत होती.

"काही नाई सिस्टर. फागो गाडी गरम करून राहिला."

जुनं डिझेल इंजिन. थंडीत पटकन उठायचं नाही आणि उठलं तरी अंगात यायला वेळ घ्यायचं. तेवढ्यात गावाचं सगळं व्हायचं. धडधड सुरू झाली की चुलीवर चहा चढायचा, आवाज जरा एकसारखा झाला की डबे भरायचे आणि खर्ज लागला की लोक घराबाहेर पडायचे. गुरुजी सोडले तर गावात कोणी घड्याळ बघत नसे.

त्या गाडीला हॉर्न होता. हायवेवर तो मामा दाबायचा, पवनीच्या बाजारात दाबायचा, पण गावाची शीव लागली की त्याचा हात तिकडे जायचा नाही. रस्त्यात पोरं खेळत असली तर गाडी थांबवून, उतरून, त्यांना बाजूला करून पुन्हा चढायचा. मला हे नुसतं वेड वाटे. मग एकदा मामींनी, म्हणजे मामाच्या बायकोनं, लसूण सोलता सोलता सांगितलं.

गाव उठलं तेव्हा ट्रक आले होते, पण ते बोळात शिरत नव्हते. आतल्या घरांचं सामान मामाच्या मेटाडोरनं न्यायचं ठरलं. ज्या घराची पाळी असेल त्याच्या दारात गाडी उभी राहायची आणि मामा हॉर्न द्यायचा. हॉर्न वाजला की त्या घरात रडं सुरू व्हायचं. खाटा, पायल्या, बकऱ्या, चौकटीसकट उपसलेले दरवाजे, सगळं गाडीत चढायचं आणि शेवटी माणसं. पुढे पुढे तर शेजारच्या घरात हॉर्न वाजला तरी बाया दचकायच्या. सगळं झाल्यावर नव्या गावातल्या पानठेल्यावर कोणीतरी गमतीनं म्हणालं, "नोटीस सरकारनं देल्ली, गाव तं फागोनंच उठवलं." सगळे हसले. मामा घरी आला तो जेवलाच नाही. त्या दिवसापासून गावात हॉर्न बंद.

"मी म्हनलं, अवो, तुमी नसतं नेलं तं दुसऱ्या कोनी नेलं असतं," मामी म्हणाल्या. "तं म्हनते कसे, मंग दुसऱ्याले वाटलं असतं वाईट. आता मले वाटते."

शेवटचं घर भागरता आजीचं होतं. नदीकाठी. आजी उंबऱ्यावर बसून राहिली. मुलगा समजावून थकला, अधिकारी समजावून गेले, आजी हलेना. मामा गाडीतून उतरून तिच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "आजी, तू फक्त बस गाडीत. रोज सकाळी तुले नदीवर आनून सोडीन. माह्या गाडीचा आवाज आला का घरातून निघत जा. तुले घेतल्याबिगर गाडी हालनार नाई." आजी उठली. गावात म्हणतात, त्या दिवसांत दिलेल्या सगळ्या शब्दांपैकी पाळला गेला तो फागोचा एवढा एकच.

तो शब्द मी रोज डोळ्यांनी बघितला. आजीचं घर नव्या गावात अगदी शेवटच्या ओळीत. मुलगा-सून कामासाठी नागपूरकडे, आजी एकटी. इंजिन धडधडलं की ती लुगडं सावरत, हातात तेलाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन घेऊन समाजमंदिराच्या कोपऱ्यावर यायची. मेटाडोरचं इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या सीटशेजारी झाकणाखाली असतं. त्या झाकणाला लागून असलेली जागा आजीची. थंडीत पाय शेकायची तिथं. मग गाडी मुख्य रस्ता सोडून धरणाच्या पाण्याकडे वळायची. काठावर आजी उतरायची, परतीच्या वेळेपर्यंत मासे धरणाऱ्या ढिवर बायांशी बोलत बसायची आणि येताना कॅनभर पाणी घेऊन यायची. त्या पाण्यात तिची डाळ शिजायची. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या चिंचेचं खोड वर निघे, ते ती गाडीतल्या प्रत्येकाला रोज नव्यानं दाखवी.

वळण घेतलं की गुरुजी मनगट वर करत. "मामा, एका बाईसाठी आमच्या सगळ्यांचा रोजचा खोळंबा."

"चुकलंच माहं गुरुजी," मामा म्हणायचा आणि स्टिअरिंग आणखी वळवायचा.

आता इंजिनाचं. ते थकलं होतं. धूर इतका की मागून येणारे सायकलवाले रुमाल बांधायचे. सुटे भाग मिळत नव्हते, शहापूरचा बब्बू मिस्त्री एकातून काढून दुसऱ्यात घालत कसंबसं चालवत होता. एका पावसाळी दुपारी मी बाळंतपणाची एक अडलेली बाई घेऊन निघाले आणि पवनीच्या अलीकडच्या चढावर गाडी उभी राहिली. मागे बाई ओरडतेय, तिची सासू मला धरून रडतेय, मामा झाकण उघडून हात भाजून घेतोय. शेवटी एक जीप मिळाली, आम्ही पोचलो, माय-लेक दोघं सुखरूप. पण त्या चढावर मी घाबरले होते आणि घाबरले की मी रागावते. मामाला म्हणाले, "हे भंगार एक दिवस कोणाचा तरी जीव घेईल!"

आमच्या धंद्यात आम्ही असली वाक्यं रोज फेकतो. बहुतेक लोक ती विसरतात. मामाच्या घरात असं काही विसरायला जागाच नव्हती.

सुगी झाल्यावर गाडी शहापूरला गेली. बब्बू मिस्त्रीनं अपघातात मोडलेल्या एका पिकअपचं इंजिन नागपूरहून आणलं होतं. बॉडीचा चेंदामेंदा, इंजिन धडधाकट, कॉमन रेलचं, म्हणजे नव्या धाटणीचं, कम्प्युटरवर चालणारं. ते मेटाडोरच्या पोटात बसवणं म्हणजे खटपट होती. नव्या इंजिनाची भोकं जुन्या गिअरबॉक्सला जुळेनात, मधे एक जाड प्लेट लेथवर करून घ्यावी लागली. रेडिएटर मोठा लागला, वायरिंग सगळं नवं आलं, सीटखाली कम्प्युटरचा डबा आला. आरटीओतल्या चकरा वेगळ्या. मी भंडाऱ्याच्या मीटिंगहून येताना एकदा बघायला गेले तर गाडीचं तोंड उघडं आणि मामा बाजूच्या बाकावर. ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेले नातेवाईक मी खूप पाहिलेत, त्यामुळे ती बसण्याची तऱ्हा मला लगेच ओळखू आली.

इंजिन सुरू झालं त्या दिवशीही मी तिथं होते. बब्बूनं चावी फिरवली. झाकणावर चहाचा भरलेला कप ठेवला.

"देखो मामा, चाय हिली? नहीं हिली. इसको बोलते इंजिन!"

खरंच चहा हलत नव्हता. मामानं कपाकडे पाहिलं, मग कोपऱ्यात पोत्यावर ठेवलेल्या जुन्या इंजिनाकडे पाहिलं. त्यातून अजून काळं तेल ठिबकत होतं. मामानं खांद्यावरचा शेला काढला आणि ते पुसलं.

"भंगारवाल्याले बोलावतो कल," बब्बू म्हणाला.

"नोको. यानं सगळं गाव वाहून आनलं, बाबू. याले कसा विकू?"

जुनं इंजिन चार-पाच जणांनी उचलून गाडीच्या मागच्या भागात ठेवलं आणि नव्या इंजिनानं ते घरी आणलं.

गाव खूश झालं. धूर नाही, गाडी चढ हसत चढते, फोनवर बोललेलं ऐकू येतं. पहिल्या सकाळी अर्ध्या गावाची गाडी चुकली, हे मात्र खरं. लोक चहा न ठेवताच बसून राहिले. पण ज्याच्या-त्याच्याकडे फोन होते, दोन दिवसांत गाव सरावलं. गुरुजींना तर आपणच गाव सुधारल्यासारखं झालं. "आता कसे घड्याळावर आले सगळे," असं त्यांनी मला आनंदानं सांगितलं.

समाजमंदिराच्या कोपऱ्यावर मामा आधीसारखाच थांबायचा. आजी येत नव्हती. पहिल्या दिवशी बराच थांबला. दुसऱ्या दिवशीही. मग गुरुजींचं मनगट वर गेलं आणि गाडी निघाली. नदीकडचं वळण सरळ मागे पडू लागलं.

एकदा पुढे बसले होते तेव्हा मी विचारलं, "आजी कुठं आहे हो?"

मामा रस्त्याकडे बघत म्हणाला, "रागावली हाय. तिच्या घरचं सामान ज्या इंजिनानं आनलं तेच काढून टाकलं ना मी. तिले न विचारता."

"मग जाऊन भेटा की."

"कोनत्या तोंडानं जाऊ जी?"

मी बी.पी.च्या गोळ्या द्यायला शेवटच्या ओळीत गेले तेव्हा आठवडा होऊन गेला होता. ऊन वर आलं होतं. आजी उंबऱ्यावर बसली होती. केस विंचरलेले, लुगडं बाजाराला जायचं, शेजारी तो कॅन, कोरडा. चुलीवर डाळ रटरटत होती, बोअरिंगच्या पाण्यातली.

"कुठं निघालात आजी?"

"नदीवर. पन फागोची गाडी बिघडली हाय ना बाई. आवाजच येऊन नाई राहिला."

मी म्हटलं, "मग त्यांना विचारायचं नाही का?"

"कायले विचारू? तो पहिलेच लाजरा. बिघडली म्हून विचारलं असतं तं चार दिस जेवला नसता." मग मला गुपित सांगितल्यासारखं म्हणाली, "तयार होऊन बसून राहतं मानूस. आवाज आला का निघाचं."

आता सांगावं तर लागणार होतं. मी म्हटलं, "आजी, गाडी रोज जाते."

आजी माझ्याकडे बघत राहिली. "रोज?"

"रोज."

"मले टाकून?"

मी नवीन इंजिनाचं समजावून सांगू लागले. आवाज होत नाही, धूर होत नाही, कपातला चहासुद्धा हलत नाही. "आवाज नाई तं मानसाले समजते कसं?" एवढंच तिनं विचारलं. इतके दिवस एक बाई तयार होऊन उंबऱ्यावर बसली होती आणि आम्ही सगळे त्या गाडीतून, गार वाऱ्यात, फोनवर बोलत जात होतो. ते नवं इंजिन मला हवं होतं, गुरुजींना हवं होतं. आजीला कोणी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी मी मामाला सांगितलं आणि त्याच्याबरोबर तिच्याकडे गेले. मामा अंगणात बसला. ज्या वाक्यावर त्याचा दिवस उजाडायचा आणि मावळायचा ते वाक्य त्याला म्हणता येईना. आजीनंच त्याच्यापुढे पाण्याचा गडवा सरकवला.

"हारन वाजवत जा ना मंग, बाप्पा," ती म्हणाली.

मामानं मान हलवली. "नाई आजी. गावात नाई."

आजीनं कॅन जवळ ओढला. मग हळूच म्हणाली, "हौ. तो नोको."

मी म्हटलं, मामांनी रोज दारात येऊन हाक मारावी. पण शेवटच्या ओळीत गाडी वळत नव्हती, आणि मामाच्या मनात काही दुसरंच चाललं असावं, कारण तो उठून तडक घरी गेला. दोन-तीन दिवस त्याच्या अंगणातून ठोकाठोकी ऐकू येत होती. बब्बू मिस्त्रीही येऊन गेला म्हणे, डोकं खाजवत.

मग एका सकाळी मी पुन्हा अंथरुणात ताडकन उठून बसले. तोच धडधडाट. बाहेर आले तर शेजारची बाई तोंडात ब्रश तसाच ठेवून उभी. आम्ही दोघी मामाच्या अंगणाकडे धावलो. जुनं इंजिन जाड लाकडांच्या घोडीवर बसवलेलं, बॅटरी जोडलेली, डिझेलचा डबा टांगलेला, आणि ते अंगणातल्या अंगणात जीव खाऊन धडधडत होतं. बाजूला मेटाडोर शांत उभी. मामी दारात कपाळाला हात लावून.

"पाहा सिस्टर! एक इंजिन चालायले, आन् एक बोंबलायले!"

गाव हसलं. पण चुलींवर चहा चढले, डबे भरले गेले. समाजमंदिराच्या कोपऱ्यावर आजी घाईघाईनं, अर्धवट विंचरलेल्या केसांनी, कॅन घेऊन आली. झाकणाशेजारच्या जागेवर बसली, झाकणाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "हे तं थंडंच हाय रे." मामानं दुसऱ्या दिवसापासून तिच्या पायांसाठी घोंगडी ठेवली.

गुरुजींनी या प्रकाराची चांगलीच हजेरी घेतली. डिझेलची नासाडी, धुराचं प्रदूषण, पोरकटपणा. मामानं सगळं ऐकून घेतलं.

"चुकलंच माहं गुरुजी. पन सुरू राहू द्या."

मामाच्या तोंडून त्या वाक्यानंतर "पन" मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

असं पुढे कितीतरी सकाळी चाललं. परगावचे पाहुणे यायचे, अंगणातलं इंजिन बघून पोट धरून हसायचे, आणि गावातली माणसं त्यांना कारण सांगायची नाहीत.

एका थंडीत आजी गेली. वय झालं होतं, छाती भरली, मी आणि डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. शेवटी तिच्या तोंडात पाणी घातलं ते मामानं, त्याच कॅनमधलं. मुलगा वेळेवर पोचला होता, पण त्यानं आपण होऊन कॅन मामाच्या हातात दिला.

नंतर मामा माझ्या उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसला. म्हणाला, "ते दिवस, सिस्टर. गाडीत जागा रिकामी जाऊन राहिली होती, आन् ती दारात बसली होती."

"मामा, त्यानंतर किती वेळा नेलंत तुम्ही तिला!"

"नेलं ना. पन ते दिवस तं गेलेच."

भंगार कोणाचा तरी जीव घेईल, असं मी म्हणाले होते. त्या जुन्या इंजिनानं कोणाचं काहीच घेतलं नव्हतं. आजीच्या त्या सकाळी घेतल्या आमच्या घाईनं, आणि त्यांचा दोष मात्र पायरीवर बसलेल्या या एकट्या माणसानं स्वतःकडे ठेवला. मी म्हटलं, "मामा, त्यात माझंही चुकलं." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याचंच काही मागते आहे. मग नुसती मान हलवून निघून गेला.

त्याच सुमारास माझी बदली झाली, तुमसरकडेच. निघायचा दिवस आजीच्या तेराव्यानंतर लगेचच आला. माझी पेटी, गादी, गॅसची शेगडी मामानंच गाडीत चढवली. मी गाव सोडून निघाले होते, तर मामा मला बोलवायला क्वार्टरच्या दारापर्यंत चालत आला, हलक्या आवाजात "चला जी" म्हणाला.

मामाच्या अंगणासमोर सगळे गाडीत बसलो. मासळीवाल्या बाया, दोन शाळकरी मुली, गुरुजी. झाकणाशेजारची जागा रिकामी होती. तिथं कोणी बसलं नाही. घोंगडी घडी घालून ठेवलेली होती, सीटखाली कॅन होता.

मामा अंगणात गेला. त्यानं जुनं इंजिन सुरू केलं. धडधड सुरू झाली, हळूहळू एकसारखी झाली, खर्जात गेली. आता कोणासाठी, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. मामा त्या इंजिनावर एक हात ठेवून उभा होता आणि शेवटच्या ओळीकडे बघत होता. एक म्हातारी लुगडं सावरून, कुलूप लावून, कॅन घेऊन कोपऱ्यापर्यंत यायला जेवढा वेळ लावील तेवढा वेळ गेला. त्याहून जास्त गेला. मग त्यानं इंजिन बंद केलं, शेल्याला हात पुसले आणि येऊन स्टिअरिंगवर बसला. मागे वळून न बघता म्हणाला,

"उशीर झाला सगळ्यायले. चुकलंच माहं जी."

गुरुजींनी शर्टाची बाही खाली ओढून मनगटावरच्या घड्याळावर घेतली.

"नाही झाला उशीर," ते म्हणाले. "थांबा अजून जरा, मामा. येऊ द्या त्यांना."